उद्याला बंदी असलेलं घर

आमच्या घरमालकांच्या घरात ‘उद्या’ हा शब्द काढायला बंदी होती. खोटं नाही सांगत. शिवी एक वेळ चालायची. गल्लीतला दूधवाला दोन-चार शिव्या सांडल्याशिवाय दूध घालायचा नाही, आणि मालक नुसते हसायचे. पण नळ दुरुस्त करणारा दारात उभा राहून ‘कल आता साब’ म्हणाला, की त्यांचा चेहरा उतरायचा.

“कल नक्को बोलो मियाँ,” ते म्हणायचे. “वार बोलो. टैम बोलो. नै आते तो नै आता बोलो.”

तो बिचारा गांगरून जायचा. ‘येत नाही असं स्पष्ट सांग’ म्हणून हट्ट धरणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलेलं नसायचं.

हैदराबादेतला अख्खा बरकतपुरा त्यांना नक्कलसाब म्हणायचा. एका सरकारी रेकॉर्डखान्यात, जुन्या कागदांच्या सही-शिक्क्याच्या नकला देण्याच्या खिडकीवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. मूळचे आमच्यासारखेच, निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातले. शाळा उर्दूत झालेली, घरात मराठी, बाजारात दखनी. रागावले की मात्र तेलुगूत बोलायचे. असं का, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू.

आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्या बघायला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. वडील तेव्हा अफझलगंजला एका लॉरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगवर होते. हिंडते-फिरते होते. काकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि वडिलांच्या हातात सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कागद ठेवला. वडिलांना वाटलं भाड्याच्या अटी असतील. तर कागदावर लिहिलेलं होतं: ‘नळाला पाणी पहाटे साडेपाच ते सव्वासहा. उन्हाळ्यात एक दिवसाआड. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते. शेजारच्या घरात कुत्रा असून तो चावतो. मागील भाडेकरूशी मालकाचे दोन वेळा भांडण झाले. त्यातील एक वेळ चूक मालकाची होती.’

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “हा माणूस मला काही ठीक दिसत नाही बाई.”

वडील हसत सुटले. “अगं, बाकीचे सगळे घर दाखवतात. ह्यानं भिंत दाखवली. इथंच राहायचं.”

आणि आम्ही राहिलो. भिंतीला ओल आली, कुत्रा मला चावला, सगळं कागदाबरहुकूम झालं.

काकांच्या व्हरांड्यात चार वेताच्या खुर्च्या होत्या. आलेला माणूस उभा राहिलेला त्यांना खपायचा नाही. पोस्टमन असो, विजेचं मीटर बघणारा असो, आधी बसायचं आणि मग बोलायचं. भाजीवाली डोक्यावरची पाटी उतरवून खुर्चीत बसायला कुरकुर करायची. “बैठे तो फिर उठना पडता ना साब,” म्हणायची. काका ऐकायचे नाहीत. ती बसेपर्यंत भावच विचारायचे नाहीत.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे आवक. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते रबरी शिक्का मारायचे, तारीख घालायचे आणि वहीत नंबर चढवायचे. लग्नपत्रिका, दिवाळीचं ग्रीटिंग, वीजबिल, काही सुटायचं नाही. माझ्या चुलतबहिणीची लग्नपत्रिका आवक झाली, आणि लग्न झाल्यावर शेरा पडला: ‘हजर राहिलो. जिलेबी उत्तम. निकाली.’ कशालाही उत्तर द्यायचं तर पूर्ण द्यायचं. “जेवलात का काका?” असं नुसतं बोलायचं म्हणून विचारावं, तर म्हणायचे, “जेवलो. एक वाजून दहा मिनिटांनी. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. भाजीत मीठ कमी.” आतून काकूंचा आवाज यायचा, “मीठ बरोबर होतं!” काका त्याचीही नोंद घेतल्यासारखी मान हलवायचे.

काकूंनी ह्या कागदी कारभाराला आयुष्यात हात लावला नाही. “माझं लग्न माणसाशी झालं, दफ्तराशी नाही,” म्हणायच्या. एकदा काका बाहेर गेले असताना रजिस्टर पत्र आलं. पोस्टमननं सही मागितली. काकूंनी सरळ सांगितलं, “साब नै हैं, कल आओ.” काका घरी आल्यावर त्यांना हे कळलं, आणि दोन दिवस ते काकूंशी बोलले नाहीत. दोन दिवस! पत्र परत गेलं म्हणून नव्हे. ‘कल आओ’ म्हणाल्या म्हणून.

“मी नाही सही करायची,” काकू आम्हाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “मरेपर्यंत नाही करायची. ह्यांच्या आवक-जावकीत मला ओढायचं नाही.”

आम्ही मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होतो. तेव्हा हसलो. ह्या माणसाच्या खुळामागं काय आहे ते कुणाला माहीत होतं!

त्या वर्षांत शहराला नुसती घाई झाली होती. हिमायतनगरच्या रस्त्यावर जिकडं बघावं तिकडं कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या. माझ्याबरोबरच्या मुली एकेक करून अमेरिकेला गेल्या. पुण्या-मुंबईची माणसं इथं मोठ्या नोकऱ्यांवर यायला लागली, आणि त्यांना आमचं मराठी ऐकून हसू यायला लागलं. मी मात्र घरात पोरांच्या शिकवण्या घेत सरकारी परीक्षा देत बसले होते. आई म्हणायची, “सगळं जग प्रायव्हेट व्हायलंय आणि तुलाच सरकारी पायजे!” हौस नव्हती मला. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. त्यांना उचलायला, फिरवायला दोन माणसं लागायची. संध्याकाळी साडेपाचला सुटणारी आणि ह्याच शहरात राहू देणारी नोकरी मला हवी होती. बस.

परीक्षा देत देत मी वयाच्या काठावर आले. त्या वर्षीची शेवटची होती. त्यापुढं फॉर्म भरायलासुद्धा मी चालणार नव्हते. आणि त्याच परीक्षेत माझं नाव यादीत लागलं. आईनं गल्लीत साखर वाटली. दाखले तपासायला बोलावलं, मी सगळे देऊन आले. महिन्यानं पत्र आलं, एका ओळीचं: ‘तपासणीअंती आपली उमेदवारी नियमानुसार रद्द करण्यात आली आहे.’

कुठल्या नियमानुसार? ते लिहिलेलं नव्हतं. मी त्या ऑफिसात पाच वेळा गेले. पाचही वेळा खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, “रूल के मुताबिक है मेडम. कल आओ, साब रहते.” पाचव्या दिवशी मी घरी आले ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. मागं वडील झोपलेले, त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती.

काका बाहेर आले. “पायरीवर नको. खुर्चीत बस,” म्हणाले. मला तर असा राग आला! इथं माझं आयुष्य बुडालंय आणि ह्यांना खुर्चीची पडलीय. पण बसले. सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही.

“कागद हरवत नसतो बेटा,” ते म्हणाले. “कागदावर कुणीतरी बसलेलं असतं. त्याला उठवायचं.”

माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नुकताच आला होता. मी पेपरात वाचलं होतं आणि पान उलटून पुढं गेले होते. काकांनी मात्र तो छापील मिळवून, पोथीसारखा रोज थोडा थोडा वाचून काढला होता. समासात उर्दूत बारीक टिपणं केली होती. त्यांनी मला कोरा कागद दिला. “लिही. तुझ्या हातानं. मी लिहून देणार नाही.”

मी लिहिलं: माझी उमेदवारी का रद्द केली ते कृपया कळवावे.

“खोड,” ते म्हणाले. “‘का’ विचारू नको. ‘का’ला त्यांच्याकडं शंभर उत्तरं असतात. ‘दाखवा’ म्हण. माझी फाइल दाखवा, तिच्यातली टिपणं दाखवा. टिपणाला खोटं बोलता येत नाही, ते आधीच लिहिलेलं असतं.”

मी पुन्हा लिहिलं. तेही त्यांनी खोडलं. त्यात तीन वेळा ‘कृपया’ आलं होतं. “किती पाया पडायलीस? एकदा पुरे.” चौथ्या कागदाला त्यांचं समाधान झालं. मग फीची पोस्टल ऑर्डर, मग ऑफिसात जाऊन अर्ज, आणि पावती. त्या पावतीसाठी काका पाऊण तास खिडकीसमोर उभे राहिले, सत्तरीचा माणूस. “नक्को वो रसीद, हम रख लेते अर्जी,” खिडकीतला म्हणत होता. काका शांतपणे सांगत होते, “रख लेना तुमारा काम है. रसीद देना बी तुमारा काम है.”

तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं: येऊन फाइल पाहावी.

आम्ही दोघं गेलो. एका कारकुनानं फाइल आणून टेबलावर ठेवली. खुर्ची एकच होती, काकांनी तिच्यात मला बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले. घाईत मला फाइलीची फीत सुटेना. काकांनी ती सोडून दिली. पण पान उलटलं नाही. ते म्हणाले, “तुझा कागद आहे. तू उलट.”

आमच्याकडं त्या नोकरीला ‘लोकल’ असावं लागायचं, म्हणजे शाळेची ठरावीक वर्षं इथंच झालेली असावी लागायची. फाइलीत सगळ्यात वर माझा प्राथमिक शाळेचा दाखला होता. ती शाळा काचीगुड्याची, मराठी माध्यमाची. आमच्या हेडबाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात मराठीतच लिहून दिलेला दाखला. गाव, पत्ता, शिक्का, सगळं मराठीत. आणि टिपणात एक ओळ होती: ‘उमेदवाराचा शाळेचा दाखला मराठी भाषेत आहे. सबब उमेदवार महाराष्ट्रातील असल्याचे दिसते. नॉन-लोकल.’ खाली तीन सह्या.

मी ती ओळ तीनदा वाचली. अहो, ह्याच शहरात जन्मले मी! त्या दाखल्याखाली दोन पानं उलटली असती तर माझं दहावीचं सर्टिफिकेट होतं, इथल्याच बोर्डाचं, त्यावर ठळक अक्षरात हैदराबाद. तीन माणसांनी सह्या केल्या आणि एकानंही दोन पानं उलटली नाहीत. मराठी दिसलं की महाराष्ट्र, संपलं! आमच्या चार पिढ्या इथं मेल्या त्या कुठल्या खात्यात जमा? मी उठून ओरडायला लागले. त्या कारकुनाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा सह्या करणाऱ्यांपैकी नव्हताही.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ओरडू नको. नक्कल माग.”

नक्कल मिळाली, सही-शिक्क्यासकट. तिच्या मागं दहावीचं सर्टिफिकेट जोडून मी वरच्या साहेबांकडं अर्ज दिला. त्या साहेबांनी टिपण वाचलं, मग सर्टिफिकेट वाचलं, मग चष्मा काढून माझ्याकडं बघून म्हणाले, “सॉरी अम्मा.” सरकारी ऑफिसात मला कुणी सॉरी म्हटल्याची ती पहिलीच वेळ. दीड महिन्यानं नेमणुकीचं पत्र आलं. आता सांगते, ती ओळ मला दिसली नसती तर माझ्या बापजन्मी कळलं नसतं की मी कशानं पडले. नवा दाखला मागावा तर शाळाही उरली नव्हती. मराठी माध्यमाला मुलंच येईनात म्हणून ती बंद पडली होती, आणि त्या इमारतीत इंग्रजी शाळा भरत होती.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन काकांकडं गेले. वाकून नमस्कार केला. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

“बस,” म्हणाले. “तुला एक सांगायचंय. ऐकून मग ठरव, मला पेढा द्यायचा का नाही.”

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या वरच्या साहेबांनी त्यांना धंद्याची पहिली गोष्ट शिकवली होती: कागद पहिल्या दिवशी द्यायचा नाही. सापडला तरी नाही. पहिल्या दिवशी दिला तर कागदाची इज्जत राहत नाही आणि आपलीही राहत नाही. दोनदा ‘कल आओ’ म्हणायचं, तिसऱ्या खेपेला द्यायचा. पैसे खायची भानगड नव्हती. पद्धतच तशी होती. सगळ्या खिडक्या तशाच चालायच्या. काका वर्षानुवर्षं तसंच करत आले, आणि त्यात काही वाईट आहे असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

“एकदा एक मास्तर आले,” ते म्हणाले. “नांदेडकडचे. धोतर, कोट, हातात पिशवी. त्यांना आपल्या वडिलांच्या नावाचा एक जुना उतारा पाहिजे होता. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाला, आपण मूळचे निजामाच्या मुलखातलेच आहोत म्हणून दाखवायला. मी आत गेलो, अर्ध्या तासात तो उतारा काढला, नक्कल केली, शिक्का मारला आणि माझ्या खणात ठेवला. आणि बाहेर येऊन सांगितलं, कल आओ. दुसऱ्या दिवशी ते आले. मी म्हणालो, कल आओ. दिवसभर उभे होते ते. बसायला काही नव्हतंच तिथं. संध्याकाळी खिडकी लावताना म्हणाले, ‘साहेब, उद्या शेवटची तारीख आहे. उद्या मला कॉलेजात असायला पाहिजे, इथं नाही.’ मी म्हणालो, ‘मग परवा या.’”

आत काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

“ते आलेच नाहीत पुन्हा. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. चांगलं अक्षर. ‘आता कागद लागत नाही. आपल्याला तसदी दिली, क्षमा असावी.’ माझी क्षमा मागितली त्यांनी. बेटा, कागद माझ्या खणात होता. हात लांब केला की हाताला लागत होता.”

त्या मुलीचं काय झालं, मी विचारलं. म्हणाले, माहीत नाही. पुष्कळ वर्षांनी नांदेडला जाऊन शोधलं, मास्तर गेलेले, घर विकलेलं. पोस्टकार्ड मात्र त्यांच्याकडं होतं. आवकच्या पहिल्या वहीत, पहिल्या नंबरावर चिकटवलेलं. शेऱ्याची जागा कोरी. ‘निकाली’ लिहिलेलं नव्हतं.

“हं,” ते म्हणाले. “आता पेढा द्यायचा का नाही ते तू ठरव.”

मी त्यांच्या हातातला पेढा घेतला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. दुसरं काय करणार? त्या दिवसापासून त्यांच्या खुर्च्यांना आणि शिक्क्याला आमच्या घरात कुणी हसलं नाही.

पुढं ते दर शनिवारी अफझलगंजच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागले. सोबत घडीच्या दोन खुर्च्या रिक्षात घालून न्यायचे. कुणाची रेशनची अडचण, कुणाच्या रस्त्याची, कुणाच्या बापाच्या जन्मतारखेची. अर्ज ज्याचा त्यानं लिहायचा, काका फक्त ‘कृपया’ मोजायचे. लिहिता येत नसेल त्याला मात्र स्वतः लिहून द्यायचे आणि शेवटी वाचून दाखवायचे, दोनदा. काकू म्हणायच्या, “रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. आमचे अफझलगंजला जातात.”

आणि मी? मी नोकरी केली, वडिलांचं शेवटपर्यंत केलं, मग ऑफिसजवळ घर घेतलं, चढत चढत अधीक्षक झाले, आणि एक दिवस ऑफिसबाहेरच्या पाटीवर माझं नाव लागलं: माहिती अधिकारी. काकांना फोन करून सांगितलं. “आवक करतो,” म्हणाले. मला वाटलं गंमत करतायत. आठवड्याभरात त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर! ‘आपल्या कार्यालयात येणाऱ्या लोकांना बसण्यासाठी बाकडी आहेत काय? असल्यास किती? नसल्यास त्याबाबतची फाइल दाखवावी.’ ‘कृपया’ एकदाच.

मी हसले. टेबलावर ढिगानं कामं पडलेली, आणि ह्यांचं बाकडं! सावकाश बघू म्हटलं आणि अर्ज खणात टाकला. हो, खणात. महिना कसा गेला कळलं नाही. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तेव्हा मनाशी म्हटलं, काकाच तर आहेत, घरी जाऊन सांगेन.

तेहतिसाव्या दिवशी माझ्या साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर काकांचं अपील होतं. माझ्याविरुद्ध! ‘माहिती अधिकाऱ्यांनी मुदतीत उत्तर दिलेले नाही.’ साहेबांनी चार माणसांसमोर मला ऐकवलं. मी तशीच ऑटोत बसून बरकतपुऱ्याला गेले आणि व्हरांड्यात पाय ठेवायच्या आधीच सुरू झाले. “काका, तुम्ही? माझ्यावर? मला सख्खी मुलगी म्हणता आणि माझ्यावर अपील टाकता?”

“बस आधी.”

“नाही बसत!”

पहिल्यांदाच त्यांनी मला उभं राहू दिलं. खालच्या आवाजात विचारलं, “अर्ज कुठं होता?”

मी खुर्चीची पाठ धरली.

“खणात होता ना?”

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी खुर्चीत बसले ती मान खाली घालून. काका म्हणाले, “मला कुणी असं पकडलं असतं ना बेटा, त्या मास्तरांच्या आधी, तर मी त्याचे पाय धुतले असते. तुला मी मुलगी मानतो, म्हणून अपील केलं. दुसरी कुणी असती तर वाट बघितली असती.” आतून काकूंनी दोन कप चहा आणून आदळले आणि काकांना म्हणाल्या, “पोरीला रडवून मिळालं का समाधान?” चहात साखर दुप्पट होती.

मी उत्तर पाठवलं. खरं तेच लिहावं लागलं: ‘बाकडी नाहीत. याबाबतची फाइल नाही.’ म्हणजे इतक्या वर्षांत ह्या ऑफिसात लोक उभे राहतात, हे कुणाला कधी कागदावर आणण्यासारखंसुद्धा वाटलं नव्हतं. मलाही नाही. मीही अशाच एका खिडकीसमोर पाच दिवस उभी राहिले होते, आणि आतल्या बाजूला आल्यावर विसरले होते. बाकड्यांची फाइल मी सुरू केली. ती वर गेली, खाली आली, ‘तरतूद नाही’ म्हणून परत आली, पुन्हा वर गेली. मी तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

वर्ष-दीड वर्ष गेलं. काका थकले. शनिवार बंद झाले. एके दिवशी टपालात त्यांचा अर्ज आला, अक्षर हललेलं: ‘बाकड्यांबाबत सद्यस्थिती कळवावी.’ मी त्या दिवशी खण उघडलाच नाही. अर्ज टेबलावर समोर ठेवला आणि फाइल स्वतःच्या हातात घेऊन चार टेबलं फिरले. सह्या घेईपर्यंत कुणाला सोडलं नाही. अर्ज आल्यापासून नवव्या दिवशी काका गेले, दुपारी, व्हरांड्यातल्या खुर्चीत. मी जाऊन आले. रडले, काकूंजवळ बसले. बाकडी सोळाव्या दिवशी आली.

मग प्रश्न पडला. अर्जदार हयात नाही, उत्तर कुणाला द्यायचं? आमचा कारकून म्हणाला, “मेडम, निकाली लिहून टाकतो. कोण विचारतंय?” मी म्हटलं, नाही. अठराव्या दिवशी मी उत्तर टाइप केलं: ‘बाकडी आहेत. संख्या दोन. पाठ टेकता येते.’ सही केली, शिक्का मारला, आणि त्यांच्या नावानं, त्यांच्याच पत्त्यावर, रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावतीचं कार्ड जोडलं. मनात आलं, काकू परत पाठवतील. त्यांनी मरेपर्यंत सही करायची नाही म्हणून सांगितलेलं होतं.

आठवड्यानं कार्ड परत आलं. त्यावर सही होती. वाकडी, शाळेतल्या मुलीसारखी, पूर्ण नाव लिहून. शेजारी काकांच्या शिक्क्याचा ठसा, थोडा तिरपा, आणि वहीतला पुढचा आवक नंबर. आणि त्याखाली काकूंच्या अक्षरात दोन शब्द: ‘वेळेत मिळालं.’

मी कार्ड घेऊन उठले. खिडकीसमोरच्या व्हरांड्यात आले आणि त्या नव्या बाकड्यावर बसून, लोक बघतायत ह्याची पर्वा न करता, पोटभर रडले. काका, तुम्ही मला नोकरी दिलीत हे तर आहेच. पण तुम्ही मला त्या खिडकीच्या आत माणूस म्हणून शिल्लक ठेवलंत, त्याचे उपकार कसे फेडू?

शेजारी एक म्हातारे चाचा बसले होते, हातात कागदांची पिशवी. ते थोडे सरकले, मला जागा करून दिली, आणि हळूच म्हणाले, “तुमारा बी काम नै हुआ क्या अम्मा?”

“हो गया चाचा,” मी डोळे पुसत म्हटलं. “टैम पे हो गया. तुमारा क्या है, दिखाओ.”

त्यांनी पिशवीतून कागद काढला. मी तो तिथंच, बसल्या जागी वाचायला घेतला.